एक्सल नटाची कड आधी उचला, नट नवा घ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं असं की, एक्सल नटाची (चाकाचा हब शाफ्टवर घट्ट धरणारा मोठा नट) ठोकलेली कड, म्हणजे नट फिरू नये म्हणून शाफ्टच्या खाचेत दाबलेला त्याचा पातळ काठ, उचलत बसायची गरज नाही, इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) लावली की नट निघतो. तोच नट पुन्हा आवळून पंचाने कड खाचेत दाबली की वर्षानुवर्षं चालतो. मी लोकांना उगाच घाबरवतो आणि खर्चात पाडतो. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाचं बोलणं मी वाऱ्यावर सोडणार नाही.

गनने नट निघतो, हे खरं. मला काळजी शाफ्टच्या आट्यांची, म्हणजे नट ज्यांवर फिरतो त्या पेचांची, वाटते. कड खाचेत दबलेली असताना नट फिरवला की ती आट्यांवरून खरवडत बाहेर येते. माझ्याच गाडीचं एकदा असं झालं. नट सुटला, पण खाचेलगतचे दोन आटे चेपले होते. नवा नट हाताने दीड फेरा गेला आणि अडकला. मग बारीक त्रिकोणी कानस घेऊन एकेक आटा साफ करण्यात अख्खी दुपार गेली. ते आटे वाचले नसते तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, हे आटे त्याच्यावरच असतात) खर्च पडला असता. त्यापेक्षा अरुंद छिन्नी खाचेत शाफ्टच्या लांबीला धरून हलके टोले द्यावेत, कड पाच-दहा मिनिटांत वर येते. टोयोटाने तर या एका कामासाठी वेगळी छिन्नी काढली आहे.

आता जुना नट. वाकवलेला पत्रा परत सरळ करून पुन्हा वाकवला की तडकतो, तसंच या पातळ कडेचं होतं. त्यातून बेअरिंग नवं असलं की नट पूर्ण आवळल्यावर कडेवरची जुनी दबलेली जागा नेमकी खाचेसमोर येत नाही, अर्धी इकडे अर्धी तिकडे पडते. मग हात शिवशिवतो: जरा ढिला करू, नाहीतर जरा जास्त ओढू. नुकसान तिथे होतं. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या आतल्या दोन रिंगा याच नटाने एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. म्हणून तर टोयोटा कोरोलाच्या काही मॉडेलांत पुढच्या हबच्या नटाला २१६ न्यूटन-मीटर असा नेमका आकडा दिलेला असतो. दाब कमी पडला तर चाकाला प्ले (ढिलेपणा) येतो, काही दिवसांनी घुमण्याचा आवाज सुरू होतो आणि दोष बेअरिंगच्या कंपनीला जातो.

एक चूक मात्र माझी. ‘जुना नट लावला की चाक निखळतं’ हे वाक्य भडक होतं, ते आज काढून टाकलं. त्याआधी बेअरिंग बोंबलतं, हे तुमचं बरोबर आहे.

पंचाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी लेखात घालतो आहे. धारदार छिन्नीने ठोकलं तर कड चिरते, गोल नाकाचा पंच हवा आणि कड खाचेच्या तळाकडे नीट दबलेली दिसली पाहिजे. चीर दिसली तर तो नटही बाद, मग तो आत्ताच पाकिटातून काढलेला का असेना.