हेडसेट, खोली आणि भामरागड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

प्रतिक्रिया झोंबली, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या पेशंटला सीटी स्कॅनपायी अख्खा दिवस मोडावा लागतो आणि मी डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये सीटीवरून बनवलेलं यकृताचं त्रिमित चित्र कसं दिसतं ते लिहीत बसलोय. शिवाय दोन डोळ्यांपुढे दोन चित्रं धरली की खोली (म्हणजे काय जवळ, काय लांब) आपोआप दिसते, त्यात संशोधन कसलं?

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो. दोन चित्रांची ही युक्ती इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टननं १८३८ सालीच दाखवली; तेवढ्यानं भागलं असतं तर प्रश्न तेव्हाच मिटला असता. बहुतेक हेडसेटमध्ये भिंगांमुळे पडदा डोळ्याला दीड-दोन मीटरवर असल्यासारखा वाटतो. यकृत मात्र हातभर अंतरावर दाखवलेलं असतं. मग बुबुळं जवळच्या वस्तूसाठी आत वळतात आणि फोकस लांबच राहतो. या ओढाताणीत डोळे शिणतात, अंतराचा अंदाजही बिघडतो.

खरी गोम तर पुढंच आहे. रोजच्या जगात पुढची वस्तू मागचीला झाकते. आतली गाठ दिसावी म्हणून आपण यकृत पारदर्शक करतो आणि झाकण्याची ती खूणच घालवून बसतो. रक्तवाहिनी गाठीच्या पुढून गेली की मागून, हे सर्जनला कळायलाच हवं; नेमकं तेच कळेनासं होतं. म्हणून जवळच्या वाहिन्या लाल आणि दूरच्या निळ्या रंगवायच्या, मागचं धुक्यातल्यासारखं फिकट करायचं, चित्र सावकाश फिरवायचं, असे उपाय निघाले.

यातल्या कशालाच हेडसेट लागत नाही, आणि इथं तुमच्या भामरागडचा संबंध येतो. एका डोळ्यानं अधू असलेला माणूस वावरातून बंडी बिनचूक काढतोच ना? आपण हललो की जवळचं झपाट्यानं सरकतं, लांबचं हळू. मेंदूला तेवढ्यावरून बरंच कळतं. चित्र फिरवल्यावर हाच फायदा मिळतो. सीटीवरून असं फिरवता येणारं चित्र उभं करणारं थ्रीडी स्लायसर हे फुकट सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही चालतं (फक्त समजून घ्यायला; रोगाचं निदान रेडिओलॉजिस्टनंच करायचं). मात्र त्यासाठी नुसत्या छापील फिल्मवर भागत नाही. पेशंट सीटीला गेलाच आहे तर डायकॉम फाइल्सची (म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची) सीडी मागून घ्यायला सांगा, आणि पातळ कापांचीच मागा; सीटी शरीराची चित्रं अशा एकामागून एक कापांतच घेतं. पाच मिलिमीटरच्या जाड कापांतून उभी केलेली वाहिनी पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. तिला कितीही रंगवा, कितीही फिरवा, बारीक फांद्या काही सापडायच्या नाहीत.