आबूची ‘व्ह्यूवाली’ हॉटेले आणि त्यांचे जिने

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने विचारले की दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन माउंट आबूला जायचे आहे, तर चांगला व्ह्यू असलेली जेवणाची हॉटेले सुचवा. दुपारपर्यंत यादी लांबत गेली. प्रत्येक नावाखाली नारिंगी आकाशाचा एक फोटो, फोटोत कठड्यावर ठेवलेला कॉफीचा मग आणि मागे आबूचा ‘नक्की’ नावाचा तलाव. मित्राच्या वडिलांचे वय काय, आईंचे गुडघे कसे आहेत, हे एकानेही विचारले नाही. त्यातला तिसरा फोटो पाहून माझे डोके फिरले, कारण नेमका तोच फोटो मी त्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, खिडकी झाकणाऱ्या फ्लेक्सवर छापलेला, तासभर समोर बसून पाहिला आहे. ग्रुपवर लिहिले असते तर चारचौघांत कटुता आली असती, म्हणून इथे लिहिते आहे.

डिसेंबरातली गोष्ट. आम्ही सगळे कुटुंब बडोद्याहून निघालो होतो आणि बरोबर आमची आत्या होती, वय ऐंशीच्या पुढचे. चुलतभावाने त्या हॉटेलच्या गच्चीवरचे कठड्यालगतचे टेबल फोनवरूनच आगाऊ पैसे भरून राखून ठेवले होते. पहिल्या मजल्यापर्यंत सिमेंटचा जिना होता, तो आत्या माझ्या खांद्याचा आधार घेत चढली. तिथून पुढे गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा, आणि हात धरायला एकाच बाजूला नळी. आत्याने मान वर करून पाहिले आणि वर काय आहे असे विचारले. वेटर उत्साहाने म्हणाला, ‘व्ह्यू है, माताजी.’ आत्या मराठीत म्हणाली, ‘तो मला माहीत आहे रे बाबा.’ मग ती आणि मी पहिल्या मजल्यावरच्या ‘फॅमिली हॉल’मध्ये बसलो. तिथे ट्यूबलाइट होती, भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना चालू होता, आणि तलावाच्या बाजूची जी एकमेव मोठी खिडकी होती तिच्यावर हॉटेलने स्वतःच्याच गच्चीवरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचा फ्लेक्स लावला होता. खिडकी बुजवून खिडकीतले दृश्य विकणारा मालक मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

तुम्हाला हे वेगळे सांगायला नको, आपण सगळे एकाच संस्कारात वाढलो आहोत: घरातले वडीलधारे माणूस पंगतीत आधी बसते. मग सहलीला गेल्यावरच हा क्रम उलटा का होतो? घरी आपण आजींसाठी खुर्ची पंख्याखाली ओढतो आणि आबूला मात्र त्यांना ‘तुम्ही खाली बसा, आम्ही पटकन फोटो काढून येतो’ असे सांगतो. त्या दिवशी ‘पटकन’ म्हणजे जेवण होऊन वर आइस्क्रीम खाऊन झाल्यावर असे निघाले. अध्येमध्ये कोणी तरी डोकावून ‘आत्या, काय मस्त दिसते आहे!’ असे सांगून जात होते.

मी मालकाला विचारले की लिफ्ट नाही तर निदान खिडकी तरी मोकळी का ठेवत नाही. त्याने लिफ्टविषयी उत्तर दिले. 2009 मध्ये आबू आणि भोवतालचा परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून बांधकामावर निर्बंध आहेत, जुन्या इमारतीत फेरबदल करायला परवानगी मिळत नाही, असे त्याचे म्हणणे. असेलही, ते जंगल वाचावे म्हणून हे निर्बंध हवेतच, हेही मला मान्य आहे. परंतु फ्लेक्स काढायला कोणत्या सरकारी खात्याची परवानगी लागते, हे त्याने सांगितले नाही. आणि परवानगी मिळत नसेल तर लोखंडी जिना लावून वर टेबले मांडताना ती कोणी दिली, हेही मी विचारणार होते. पण आत्याने माझा हात दाबला.

आता त्या प्रसिद्ध दृश्याविषयी. आत्याचे यजमान रेल्वेत होते आणि मीटरगेजच्या काळात त्यांची काही वर्षे आबू रोडला नोकरी होती. सुट्टीच्या दिवशी हे दोघे बसने घाट चढून वर जात आणि संध्याकाळी उतरताना स्टेशनाजवळून रबडी घेऊन घरी येत. वर आमची मंडळी मेन्यूकार्डे चाळत सूर्यास्ताची वाट पाहत होती, तेव्हा खाली आत्या मला शांतपणे सांगत होती की तलावाच्या काठावरून सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतच नाही, कारण पलीकडे डोंगर आहेत आणि तो त्यांच्याआड आधीच जातो. खरा सूर्यास्त पाहायचा तर सनसेट पॉइंटवर, जिथे डोंगराची कडा संपते आणि खाली थेट मैदान लागते. झालेही तसेच. चुलतभाऊ खाली उतरल्यावर म्हणाला की सूर्य असा दिसला नाही, पण लाली फार सुंदर होती. त्या लालीसाठी आगाऊ भरलेले पैसे परत मिळणारे नव्हते, आणि पनीरची भाजी तर दिवे लागल्यानंतर टेबलावर आली.

हॉटेल निवडताना लोक फोटो पाहतात, दिशा पाहत नाहीत, घड्याळही पाहत नाहीत. डिसेंबरात आबूला सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जूनमध्ये साडेसातच्या सुमारास, म्हणजे ज्याला ‘रात्रीचे जेवण’ म्हणतात ते थंडीत त्या दृश्याबरोबर होणेच शक्य नाही; आठ वाजता कठड्याजवळ बसून दिसतो तो काळोख आणि समोरच्या हॉटेलची रोषणाई. पावसाळ्यात तर ढगच गावात उतरून बसतात आणि कित्येक संध्याकाळी तलावही दिसत नाही, तरी टेबलाची मागणी तीच असते. जंगलाच्या बाजूला तोंड असलेल्या हॉटेलांचे कौतुक वेगळेच. तिथे वेटर अभिमानाने सांगतात की रात्री इथून अस्वल दिसते. आबूचे अभयारण्य 1960 मध्ये झाले, अस्वले तिथलीच आहेत आणि ती रात्री गावात उतरतात ती पर्यटकांना दर्शन द्यायला नव्हे, तर हॉटेलांमागे टाकलेल्या उष्ट्याखरकट्याच्या वासाने. ज्या कठड्यावरून तुम्ही ‘निसर्ग’ पाहता त्याच्याच खाली तुमच्या ताटातली उरलेली बिर्याणी ओतली जाते, आणि त्यालाही आपण व्ह्यू म्हणायचे!

(गुजरातेत दारूबंदी, म्हणून सीमा ओलांडून राजस्थानात शिरताच ज्या गुजराती पाहुण्यांना सगळे दृश्य ग्लासातच दिसते, त्यांचा विचार मी इथे केलेला नाही. त्यांना पहिला मजला काय आणि गच्ची काय.)

जरा शांत होऊन लिहिते. तरुण जोडप्यांनी जरूर गच्चीवर जावे, जिना चढण्याचे वय आहे, त्यांना कोणी अडवलेले नाही. माझे भांडण आहे ते ‘सगळ्या कुटुंबासाठी’ म्हणून असे ठिकाण निवडणाऱ्यांशी. कुटुंबासाठी निवडायचे असेल तर त्यातल्या सर्वांत कमी चालू शकणाऱ्या माणसाला जिथे आरामात बसता येईल ते हॉटेल निवडावे आणि दृश्य वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी पाहावे. आबूत हे सहज जमते. दुपारी बारानंतर दिलवाड्याची जैन मंदिरे जैनेतर पर्यटकांसाठी उघडतात. 1031 मधली विमलवसही आणि 1230 मधली लूणवसही बाहेरून पाहिली तर साधी वाटतात, आणि आत गेल्यावर मान वर करून संगमरवरी छताकडे पाहतच राहावे लागते. तिथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी, आपापल्या डोळ्यांनी पाहावे लागते. आत्या तिथे एका पायरीवर बसली होती आणि तिला कोणी ‘पटकन येतो’ म्हणून सोडून गेले नाही, कारण जायला दुसरीकडे कुठे नव्हतेच. त्यानंतर बाजारात तळमजल्यावरच्या एखाद्या साध्या भोजनालयात गरम फुलक्यांची थाळी घ्यावी. तिथून समोर रिक्षास्टँड दिसतो, हे खरे आहे, पण फुलका तव्यावरून थेट ताटात येतो.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने आत्याला सनसेट पॉइंटला नेले. गाडी जिथे थांबते तिथून पुढे चढाचा रस्ता पायी जावे लागते, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बाबागाडी असते: चाकांची छोटी गाडी, जी माणूस मागून ढकलतो किंवा ओढतो. आत्या आधी बसायला तयार होईना. माणसाने माणसाला ओढायचे हे तिला पटत नव्हते, आणि तिचे म्हणणे चूक होते असे मला आजही म्हणता येत नाही. शेवटी गाडीवाल्यानेच तिला समजावले की माताजी, तुम्ही बसला नाहीत तर माझी आजची फेरी गेली. ती बसली, वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावून त्याला दम खाऊ दिला आणि परतीला चहा पाजला. वर पायऱ्यांवर गर्दी होती, शेंगदाणेवाले ओरडत होते, घोडेवाल्यांची गडबड होती. काश्मिरी शाल गुंडाळून आत्या कडेच्या पायरीवर बसली आणि सूर्य मैदानावरच्या धुरकट रेघेत बुडेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, ‘आतोबांना इथे नेहमी भूक लागायची.’ आम्ही पुड्यातले शेंगदाणे संपवले. त्या दिवशीच्या दृश्याचा खर्च म्हणजे वनखात्याचे तिकीट, बाबागाडीचे भाडे आणि शेंगदाणे.

आणि त्या गच्चीवरच्या हॉटेलने मात्र आम्हाला खालच्या हॉलमध्येही वरच्याच दराचे बिल लावले. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की मेन्यू एकच आहे. म्हणजे फ्लेक्सवरचा सूर्यास्तही त्याच भावात! मला पैशांचे दुःख नाही, बडोद्यातही आपण सूरसागरच्या काठी उभे राहून काहीबाही खातोच आणि भाव विचारत नाही. मला चीड आली ती त्या निर्विकार चेहऱ्याची, जो म्हाताऱ्या माणसाला खालच्या हॉलच्या लायकीचे ठरवतो आणि पैसे गच्चीचे घेतो.

कोणी म्हणेल की आबू आपले नाही, तिथे आपण पाहुणे, एवढा हक्क कशाला. अहो, बडोदे 1949 मध्ये मुंबई राज्यात गेले आणि आबू 1950 मध्ये. 1956 मध्ये ते राजस्थानकडे गेले तोवर आपण एकाच राज्यातले होतो. आणि हक्क नसला तरी खिडकीतून बाहेर पाहायला मिळावे एवढी अपेक्षा पाहुण्यालाही करता येते.

तेव्हा माझ्या मित्राने, तो हे वाचत असेल तर, यादीतले तिसरे नाव आधी खोडावे. उरलेल्यांना एकेक करून फोन लावावा आणि व्ह्यूविषयी अवाक्षर न काढता तीन गोष्टी विचाराव्यात: टेबलापर्यंत किती पायऱ्या आहेत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का, आणि संडास कोणत्या मजल्यावर आहे. पलीकडचा माणूस हसला, तर फोन ठेवून पुढचा नंबर लावावा.