वाऱ्याची घरघर ‘घरी काढता येते’? खुलासा

नाथषष्ठीच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: ‘गोदाकाठी वारा असला तरी बिनधास्त रेकॉर्ड करा, घरी सॉफ्टवेअरमध्ये १५० हर्ट्झखालचा खर्जातला आवाज कापा.’ हे अर्धवट आहे. वाऱ्याच्या झोताने सिग्नल क्लिप झाला, म्हणजे रेकॉर्डरच्या मर्यादेबाहेर जाऊन फाटला, की कीर्तनकाराचा शब्दही त्यासोबत फाटतो. तो कापून परत येत नाही. शिवाय १५० ला कापलं तर पखवाजाचा ‘धा’ पोकळ लागतो, मग उरलं काय?

माइकवरची स्पंजची टोपी झुळकेपुरती. मोकळ्या घाटावर तिच्यावर लांब केसांचं फरचं कव्हर हवं. केस दाबून चिकटपट्टी लावू नका. लो-कट (खर्जातला आवाज कापणारी सोय) ८० हर्ट्झचा, शक्यतो माइकच्याच स्विचवर. काही रेकॉर्डरमधला लो-कट डिजिटल असतो, तो सिग्नल क्लिप होऊन गेल्यावर लागतो. रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाच्या पातळीची टोकं उणे १२ डेसिबलपाशी ठेवा. माइकला रुमाल गुंडाळणं सोडाच: तो फडफडतो, वर टाळांची धारही मारतो.