नारळाची सोडणं टाकून २४ तासांत अमोनिया शून्य? नाही हो!

परवापासून मत्स्यपालनाच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. नारळाची सोडणं, केळीच्या साली आणि करवंटीचा कोळसा पोत्यात भरून माशांच्या टाकीत सोडा, २४ तासांत अमोनिया (मासे आणि खाद्यातून पाण्यात येणारं, माशांना घातक रसायन) शून्य, पाणी बदलायला नको, खर्च काही नाही. यातलं थोडं खरंय, तिथेच लोक फसतात.

आधी ते २४ तास. सोडण स्वतः अमोनिया खात नाही, तिच्या काथ्यावर बॅक्टेरिया वस्ती करतात आणि ते अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, पण ही वस्ती बसायलाच चार-सहा आठवडे जातात. २४ तासांत होतं काय तर पाणी कोऱ्या चहासारखं, तेही सोडण आधी नीट भिजवून ते पाणी फेकलं नसेल तर.

खर्च नाही म्हणे. ३२ टक्के प्रोटीनचं १ किलो खाद्य टाकलं की साधारण ३० ग्रॅम अमोनिया नायट्रोजन पाण्यात येतो, तेवढा पचवायला या बॅक्टेरियांना १३५ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो, म्हणजे पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर चालू आणि लाइट बिलही चालू! वर हे बॅक्टेरिया पाण्यातली अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरणारे क्षार) खातात, मग पीएच घसरतो. इथे कालवांची शिंपलं खरी कामाची, हळूहळू विरघळून पीएच सावरतात. मेसेजवाल्याने नेमकी तीच गाळली.

केळीच्या सालींचा शहाणपणा मी स्वतः केलाय. लॅबमध्ये वाळवून पूड केलेली साल पाण्यातले धातू धरते ते वेगळं, मी ओल्या साली पोतंभर सोडल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च मारला तर सगळे तिलापिया मासे वर येऊन आ वासतायत. साल कुजते आणि कुजताना ऑक्सिजन ओढते, एवढं साधं डोक्यात आलं नाही. गुरांना घातल्या असत्या तर, असं घरात अजून ऐकतोय.

कोळशाने रंग-वास जातो, पाणी काचेसारखं दिसतं. पण अमोनियाला रंग कुठे असतो? तेच पाणी अमोनिया तपासायच्या किटच्या नळीत घेऊन थेंब टाका, गर्द हिरवं होतं, म्हणजे अमोनिया आहे तसाच. आणि नुसता हिरवा रंग बघून पण घाबरू नका, पीएच बघा, कारण ७ ला त्यातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो, ९ ला मात्र जवळपास तिसरा हिस्सा.

पाणी बदलायला नको हे तर सोडूनच द्या, ते नायट्रेट आणि तळाचा गाळ जाणार कुठे? मी दर आठवड्याला तळाचं पाणी काढून माडांच्या आळ्यात सोडतो, सोडणं पण त्याच माडांची.