फायरवॉलला दुसरा एसएसडी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फायरवॉलमध्ये, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यामध्ये बसून रहदारी गाळणाऱ्या छोट्या संगणकात, जपण्यासारखा डेटा नसतोच, कॉन्फिगचा, म्हणजे सेटिंग्जचा, बॅकअप असला की नवा एसएसडी घालून अर्ध्या तासात सगळं पूर्ववत होतं, आणि मदरबोर्ड किंवा अडॅप्टर गेला तर दोन डिस्क असून उपयोग नाही. म्हणून झेडएफएस मिरर, म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टिमनं दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणं, हा वायफळ खर्च.

डेटाबद्दल तुमचं बरोबर आहे. फायरवॉलचं सॉफ्टवेअर म्हणून पीएफसेन्स घ्या नाहीतर ओपीएनसेन्स, जपायचं ते जवळजवळ सगळं एका कॉन्फिग डॉट एक्सएमएल फाइलमध्ये मावतं. मला काळजी आहे ती त्या अर्ध्या तासाची. तो कधी येणार आणि त्या वेळी तिथे कोण असणार?

तुमच्या ऑफिसात तुम्ही स्वतः असता. पण पुण्यातल्या पेठेतलं एखादं छोटं रुग्णालय किंवा सीएचं ऑफिस घ्या. फायरवॉल कपाटावर, आणि ती समजणारा माणूस राहतो लांब वाकडला. २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरायच्या शेवटच्या दिवशी, तो अर्धा तास फार महाग पडतो. अनंत चतुर्दशीला तर लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड हे चारही रस्ते मिरवणुकीचे. रुग्णालय त्या दिवशीही चालूच असतं, पण हातात एसएसडी घेऊन तिथवर पोहोचायचं कसं? मिरर असेल तर यंत्र उरलेल्या डिस्कवर चालत राहतं आणि बदलाबदली सवडीनं करता येते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. फायरवॉलचे नियम मेमरीत असतात. त्यामुळे एकुलती डिस्क मेली तरी पॅकेट काही काळ जात राहतात आणि इंटरनेट ठीक वाटतं. मग गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, यूपीएस संपतो, आणि वीज आल्यावर पेटी बूटच होत नाही. दोष वीज गेल्याचा वाटतो. डिस्क आधीच गेलेली असते.

अर्थात, नुसत्या दोन डिस्क लावून भागत नाही. मिररमधली एक डिस्क गेली आणि कुणाला कळलंच नाही, तर तुमच्याकडे पुन्हा एकच डिस्क उरते. म्हणून झेडपूल स्टेटस, म्हणजे मिररची स्थिती, बिघडला की ईमेल यायलाच हवा, आणि तो खरंच येतो का हे एकदा पाहायला हवं. दोन्ही एसएसडी एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे घेऊ नयेत. दोघांवर सारखंच लिहिलं जातं, त्यामुळे दोघं सारखेच झिजतात. सुरिकाटा (घुसखोरी ओळखणारं) किंवा एनटॉपएनजी (रहदारी मोजणारं) या सॉफ्टवेअरचे लॉग चालू असतील तर जास्तच वेगानं. बूटचा, म्हणजे यंत्र सुरू करणारा, भाग मात्र मिररमध्ये नसतो. इन्स्टॉल करताना इन्स्टॉलर तो दोन्ही डिस्कवर टाकतो, पण पुढे डिस्क बदललीत की पार्टिशन आणि बूटलोडर स्वतः करावे लागतात. मिररमधली डिस्क बदलायची झेडपूल रिप्लेस ही कमांड ते करत नाही. म्हणून यंत्र जागेवर बसवण्याआधी पहिली डिस्क काढून दुसरीवरून बूट करून बघायचं. ही चाचणी न केलेल्या मिररवर मी विश्वास ठेवत नाही.

बॅकअप सोडा, असं मी म्हटलेलं नाही. चुकून नियम पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो, तिथे फाइलच कामी येते. पण तीच फाइल वेगळ्या पेटीवर चढवलीत तर नेटवर्क पोर्टचं नाव बदलून आयजीबी० चं आयजीसी० झालेलं असू शकतं आणि इंटरफेस पुन्हा जुळवावे लागतात. मोठ्या ऑफिसांसाठी तुम्ही कार्पवर (एक फायरवॉल पडली की दुसरी तिचं काम घेते अशी सोय) दोन पेट्या सुचवल्यात, ते मान्य. छोट्या ऑफिसात मात्र फायबर बहुधा पीपीपीओई, म्हणजे यूजरनेम-पासवर्डनं लॉगिन होणारं, असतं, आणि त्याच्याशी कार्पचं नीट जमत नाही.

तुम्ही एकटे, घरची लाइन, आणि तास-दोन तास नेट नसलं तरी चालत असेल, तर एक डिस्क आणि बॅकअप पुरे. तिथे मीही दुसरी घालणार नाही.

अडॅप्टरचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तोच प्लग असलेला एक जादा अडॅप्टर, वर चिठ्ठी चिकटवून, यंत्राला लागूनच ठेवावा. तो बदलायला रिसेप्शनवरची व्यक्तीही पुरते.