चष्म्यासाठी दिलेला राजीनामा

परवा आईचा नवा चष्मा करून आणला. बिल बघून ती म्हणाली, "एवढ्यात डोळेच नवीन आले असते." हसलो, पण डोक्यात बेव्हन येऊन बसला तो बसलाच.

अनायरिन बेव्हन. लोक त्याला 'नाय' म्हणत. ब्रिटनच्या वेल्समधल्या ट्रेडीगर गावच्या खाणकामगाराचा पोरगा, जन्म १८९७. तेराव्या वर्षी स्वतःही कोळशाच्या खाणीत उतरला. बोलताना अडखळायचा. जो शब्द अडेल त्याच्या जागी दुसरा हवा म्हणून शब्द साठवत गेला, आणि पुढे ऐन युद्धात चर्चिलला भर सभागृहात शिंगावर घेणारा वक्ता झाला! वडील मात्र खाणीच्या धुळीने गेले.

ट्रेडीगरच्या कामगारांनी पगारातले पैसे एकत्र करून गावाची औषधपाण्याची सोय केली होती. १९४५ मध्ये पंतप्रधान अ‍ॅटलींनी बेव्हनला आरोग्यमंत्री केलं, तेव्हा त्याने गावचा हाच कित्ता देशभर गिरवला. ५ जुलै १९४८ पासून डॉक्टर, हॉस्पिटल, कवळी, चष्मा, सगळं मोफत. खर्च सरकारी तिजोरीतून. डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेऊन कडाडून विरोध केला होता. याने हॉस्पिटलांतल्या बड्या डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिसची मुभा देऊन वाट काढली. त्यांच्या तोंडात सोनं कोंबलं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. तत्त्वाचा माणूस व्यवहारात कच्चा असतो म्हणे!

तर, चष्मा. १९५१ साली कोरियाचं युद्ध चालू, शस्त्रांवरचा खर्च वाढलेला. अर्थमंत्री गेट्सकेलने बजेटमध्ये कवळी आणि चष्म्याचा निम्मा खर्च पेशंटवर टाकला. त्या वर्षी वाचणार होते जेमतेम १ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होता. एप्रिलमध्ये राजीनामा देऊन मोकळा झाला. पुढे पंतप्रधान झालेला हॅरॉल्ड विल्सनही त्याच्याबरोबर बाहेर पडला.

आता कुणी म्हणेल, औषधांवर आकार लावायची तरतूद १९४९ मध्ये याच्याच कारकिर्दीत झाली होती. खरं आहे. अर्थमंत्रिपद गेट्सकेलला मिळालं याची सलही असणार. त्यांच्या मजूर पक्षात उभी फूट दिसली, ऑक्टोबरमध्ये सत्ता गेली ती १३ वर्षांसाठी. हे सगळं मान्य करूनही मला तो राजीनामा आवडतो. खिशात राजीनामे घेऊन फिरणारे मंत्री आपण महाराष्ट्रात पाहिलेत. याने खिशातून काढून टेबलावर ठेवला, तोही कुणाच्या तरी म्हातारीच्या चष्म्यासाठी.

बेव्हन १९६० मध्ये गेला. त्याच्या वेल्समध्ये २००७ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं पुन्हा मोफत मिळतात. चष्म्याचे पैसे मात्र बहुतेकांना अजून मोजावेच लागतात.