कोपराचं हाड ‘वाढता वाढता सरळ’ होत नाही

‘मुलांची हाडं कोवळी असतात. कोपर मोडलं तरी प्लास्टर पुरतं, वाकडं जुळलेलं हाड वाढता वाढता सरळ होतं. तारांचं ऑपरेशन टाळा. प्लास्टर निघालं की तेलाने चोळून हात मोकळा करा.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

खांद्याजवळ मोडलेलं हाड मुलांमध्ये खरोखर सरळ होत जातं, कारण दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ त्या टोकाला होते. कोपराकडे उरते जेमतेम २० टक्के. त्यामुळे कोपराच्या वर हाड आत कललेलं जुळलं, तर तो बाक कायम राहतो. नंतर तो काढायचा तर हाड कापावं लागतं.

प्लास्टर पुरतं का? हाड सरकलेलं नसेल तर हो, तीन-चार आठवड्यांत काम होतं. अशा मुलाला ऑपरेशन नकोच. पण दोन तुकडे पूर्ण सुटले असतील, तर नुसत्या प्लास्टरमध्ये ते धरून ठेवायला कोपर काटकोनापेक्षा बरंच जास्त दुमडावं लागतं. सुजलेल्या कोपरात तसं केलं की पुढची रक्तवाहिनी दाबली जाते. रक्त न मिळाल्याने हाताचे स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. जर्मन सर्जन फोल्कमन यांनी हे १८८१ सालीच लिहून ठेवलंय. तुकडे धरून ठेवायला हाडात बारीक तारा घातल्या की हात इतका दुमडावा लागत नाही. बहुतेक वेळा चिरही द्यावी लागत नाही. तारा त्वचेतून जातात आणि तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच निघतात.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा मोडतो, त्याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही. हाडाची ही भेग सांध्यात जाते. तुकडा दोन मिलिमीटरहून जास्त सरकला तर तो सहसा ऑपरेशनने बसवतात, नाहीतर हाड न जुळण्याचा धोका असतो.

चोळणं तर नकोच. जोर लावल्याने स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकतं. मूल हात वापरू लागलं की ताठरपणा आपोआप कमी होतो, काही महिने लागले तरी.

आणि स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) किंवा पूर्ण प्लास्टरमध्ये दुखणं वाढत चाललं, बोटं सरळ करताना मूल कळवळलं, बोटं पांढरी किंवा गार पडली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.